बोरूची कुरकुर

लीड्सच्या लायब्ररीत इरावती जुन्या अरबी पोथ्यांची डागडुजी करायची. बगदादहून आलेल्या वैद्यकाच्या पोथीजवळ भर दुपारी कुरकुर ऐकू यायची.

"माऊस असेल, रिपोर्ट करतो," म्हणत तिचा सहकारी कुश लंचला निघाला.

"बोरू आहे रे. लहानपणी मी त्यानंच अक्षरं गिरवलीयेत," ती त्याच्या पाठीमागून म्हणाली.

तेवढ्यात कुरकुर अडखळली आणि थांबली. शाई संपली की बोरू असाच अडखळतो. पोथी लिहिली गेली त्या काळच्या काही ग्रंथालयांत नक्कल करायला येणाऱ्याला शाई-कागद फुकट मिळे, हे तिला आठवलं. हसत तिनं आपली दौत पोथीशेजारी ठेवली.

"घ्या."

कुरकुर सुरू झाली. मग शेजारच्या कपाटातून, मग सबंध दालनातून. इरावतीला आनंदानं गहिवरून आलं.

समोरच्या रिकाम्या खुर्चीकडून एक कोरा कागद तिच्याकडे सरकत आला. त्यावर बोरू होता, नुकताच शाईत बुडवलेला.