रखमाजींचा कप्पा

संगीत मंडळाच्या सचिवांनी आक्कांच्या घरचं गाण्यांच्या तबकड्यांचं कपाट उघडलं आणि कपाळावर हात मारला. "सगुणाक्का, एकाच गायिकेच्या तबकड्या चार कप्प्यांत? हा काय घोळ घालून ठेवलाय?"

"घोळ नाही. ज्याची पेटी, त्याचा कप्पा."

तीन वर्षं कान लावून, कुठल्या गाण्याला कुणाच्या पेटीची साथ आहे ते ओळखून आक्कांनी सातशे तबकड्या लावल्या होत्या. वडिलांचा, रखमाजींचा, कप्पा सगळ्यांत वर. तेवढा पक्षपात त्यांनी मुद्दामच केला होता. आता हा संग्रह मंडळाच्या ग्रंथालयात जायचा होता, पण नोंद होणार होती फक्त गायकांच्या नावानं.

"लेबलावर छापलंय तेच खरं धरतात, आक्का. तुमच्या वडिलांनी वाजवली असेल हो पेटी, पण पुरावा काय?"

आक्कांनी ग्रामोफोनला चावी दिली आणि वरच्या कप्प्यातल्या तबकडीवर सुई टेकवली. खरखरीतून गाणं वर आलं. अंतरा संपताना पेटीनं अशी काही गिरकी घेतली, की गाणारी बाई स्वतःचं गाणं विसरून भर ध्वनिमुद्रणात ओरडली, "वाहवा, रखमाजी!"

सचिवांनी ते तीनदा ऐकलं.

"पटलं," ते ओशाळून म्हणाले. "पण आमच्या नोंदवहीत साथीदाराचा रकानाच नाही."

"मग आखा." आक्कांनी कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. "तोवर एकही तबकडी उंबरा ओलांडायची नाही. पट्टी देऊ का?"