तिळवण आणि मोहरी

मुलुंडच्या एका सोसायटीत पावसाळ्यात पंपाच्या खोलीमागे पिवळ्या फुलांची चार रोपं उगवली. तिसऱ्या मजल्यावरच्या मिहिरने फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'आपल्याकडे रानमोहरी!' सकाळपर्यंत त्यावर बेचाळीस अंगठे पडले. ते पाहून सुनंदाबाई गद्रेंच्या मस्तकात तिडीक गेली. बत्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेली बाई ती. चहा तसाच टाकून खाली उतरली. मिहिर तिथेच चार शेजाऱ्यांना रोपं दाखवत उभा होता.

"डोळे आहेत की बटणं रे मिहिर? ही मोहरी नाही, पिवळी तिळवण आहे. पानं बघ, एका देठाला तीन-तीन, पाच-पाच. आणि शेंगेला हात लाव, कशी चिकट लागते! मोहरीची लागते का अशी? एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आणि दोन झाडं वेगळी ओळखता येत नाहीत!"

मिहिरने निमूटपणे फोटो उडवला. जमलेल्या चार शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. सुनंदाबाईंना फार दिवसांनी वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं. त्याच तोऱ्यात त्यांनी आवार झाडणाऱ्या बाईला हाक मारली, "शेवंती, उपटून टाक गं हे तण."

तिने चारही रोपं मुळासकट उपटली, हात पदराला पुसले आणि हळूच म्हणाली,


"मॅडम, मी वैजयंता. शेवंती माझी मोठी बहीण होती. ती वारली त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तुमच्या दारातला कचरा रोज मीच नेते."