वर न्यायचं सामान

"तुळईवरच पाय ठेव. मध्ये पडला तर थेट आईच्या ओट्यावर उतरशील," बाबा म्हणाले.

माळ्यावर चढलेल्या थोरलीने पाय सावरला. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे खालच्या खोल्यांचं छत, आणि ते पुठ्ठ्यासारखं पातळ. सकाळपासून बापलेकीत झालेलं बोलणं ते एवढंच. बाबांनी जन्मभर बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त केली. इंजिनाशी ते जितकं बोलले असतील तितकं घरात कुणाशी बोलले नसतील. एकदा काम हातात घेतलं की तोंडाला कुलूप.

ती उन्हाळ्यात नवऱ्याचं घर सोडून आली होती, दोन बॅगा घेऊन. "थोडे दिवस राहते," म्हणाली. आई म्हणाली, "राहा की." बाबा नुसतंच "हं" म्हणाले. आता थंडी तोंडावर आली, तरी त्या 'हं'चा थांग तिला लागला नव्हता. परत जायचं नाही, हे पक्कं होतं. पण इथं राहायचं की कुठे भाड्याची खोली शोधायची, हा विषय कुणी काढत नव्हतं, आणि आपणहून विचारायची तिची छाती होत नव्हती. मधल्या खोलीत तिची कॉट होती. तिथली दोन्ही कपाटं घरच्या अडगळीने गच्च भरलेली, म्हणून कपडे बॅगेतच. रोज कॉटखालून बॅग ओढायची, हवं ते काढायचं, पुन्हा आत ढकलायची. स्वतःच्याच घरात पाहुणी!

आणि काल संध्याकाळी तिने ऐकू नये ते ऐकलं. स्वयंपाकघरात बाबा आईला सांगत होते, "थंडी पडायच्या आत माळा झाला पाहिजे. मग तिच्या त्या बॅगा वर. येता-जाता दिसतात. मला बघवत नाही."

"तिला सांगा तरी," आई म्हणाली.

"सांगायचंय काय त्यात? झालं की कळेलच."

एवढी डोळ्यांत खुपतेय मी? पण सकाळी बाबांनी हातमोजे पुढे केले, तेव्हा ते घालून ती मुकाट वर चढली.

माळ्यावर गारठा मी म्हणत होता. बाबा काचेच्या लोकरीची गुंडाळी उलगडत होते. पट्टी मापापेक्षा जराशी मोठीच कापायची, म्हणजे दोन तुळयांच्या मध्ये घट्ट बसते. ती नीट बसवावी म्हणून थोरलीने तळव्याने दाबली.

"दाबू नकोस," बाबा म्हणाले. "दबली की गेली कामातून. फुगलेली असते तोवरच ऊब धरते."

मास्कच्या आत तिचं नाक चुरचुरत होतं. तिने छताच्या उघड्या पत्र्याकडे पाहिलं. वारा तिथूनच येत होता. "लोकर पायाखाली का घालतोय? वर पत्र्याला नको का लावायला?"

"ऊब खाली राहायला हवी. माणसं खाली राहतात. माळ्याला कशाला हवी? वर सामानच तर ठेवायचंय."

आणि माझं सामान त्यातच, ती मनात म्हणाली. माळ्यावर जातं ते काय असतं? टाकवत नाही आणि वापरवत नाही, ते. तिला रडू आलं. मास्क होता म्हणून निभावलं.

दुपारपर्यंत लोकर घालून झाली. मग प्लायवूडच्या फळ्या. जोड तुळईवर येईल अशी फळी बसवायची आणि स्क्रूने आवळायची. बाबा आवळत होते, ती फळी धरून बसली होती. खालून आईची ये-जा चालली होती. जुन्या रजया, धाकट्या भावाची शाळेची पुस्तकं, बंद पडलेलं शिलाई मशीन, एकेक आणून ती शिडीपाशी ठेवत होती. बाबा खाली उतरून ते उचलून वर नेऊ लागले. नव्या फळ्यांवर सामान ऐटीत रांगेने बसलं. बाबांनी पाय आपटून पाहिला. फळी हू की चू करेना. स्वारी खूश झाली.

"आता तुझ्या बॅगा आण," ते म्हणाले.

ती मधल्या खोलीत गेली. टॉवेल, कंगवा, दोरीवरचे ओले कपडेसुद्धा, सगळं तिने बॅगांमध्ये कोंबलं. उशाशी ठेवलेलं पुस्तकही. जायचंच तर पुरतं जायचं, उगाच काही मागे ठेवून कुणाच्या डोळ्यांसमोर राहायचं नाही. लागता लागेना तशी चेन तिने गुडघा देऊन ओढली. पहिली बॅग छातीशी धरून ती कशीबशी शिडी चढली.

बाबांनी वरून हात घातला आणि त्यांचा तोलच गेला. "अगं, दगड भरलेस का हिच्यात?"

"माझं सगळं आहे. काही मागे ठेवलं नाही. उद्यापासून खोली बघते मी." रागाने बोलायला गेली आणि आवाजच फुटला. "बघवत नव्हतं तर तोंडावर सांगायचं ना, बाबा!"

आई शिडीखाली जागच्या जागी थांबली. बाबांनी मास्क खाली ओढला आणि बॅग अलगद पुन्हा लेकीच्याच हातात दिली.

"भरलेली कशाला आणलीस? आईने दोन्ही कपाटं मोकळी केलीत तुझ्यासाठी," ते म्हणाले. "कपडे तिथं लाव, आणि बॅगा रिकाम्या करून आण."