बोरगावचा अर्ज

“पयल्याच तारखेला काडीमोड मिळतोय व्हय?” अण्णांनी विचारलं.

वकीलबाई सौम्याला हसू आलं. कर्नाटकातल्या निपाणीच्या कोर्टाजवळच्या तिच्या ऑफिसात घटस्फोटासाठी येणारी माणसं एक तर रडायची, नाही तर भांडायची. बोरगावहून आलेला हा म्हातारा मात्र प्रश्नावर प्रश्न विचारत होता. शेजारी अनुराधा मान खाली घालून बसली होती.

“नाही, अण्णा. आधी अर्ज, मग नोटीस. मग दोघांना समोर बसवून समेट होतो का बघतात. नाहीच झाला, तर साक्षीपुरावे.”

“त्यो ऱ्हातोय पुण्यात. तितं जायाला लागंल?”

“नाही. बायको राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. ही कुठं असते?”

“माझ्याजवळच. तीन वरसं झाली. त्यानं तिकडं दुसरं बिऱ्हाड केलंय.”

“अर्ज कन्नडात करू? मी मराठीत समजावून सांगीन.”

“करा की. कन्नड येतंय आमाला.”

सौम्याला नवल वाटलं. लेकीला घेऊन आलेले बाप तिनं पुष्कळ पाहिले होते. ‘मिटवता येईल का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. अण्णांनी तो अजून एकदाही विचारला नव्हता.

“एक अडचण आहे,” ती म्हणाली. “मी सोडलं नाही, हीच नांदली नाही, असं तो म्हणणार. त्याच्या घरातलं कुणी खरं सांगायला उभं राहील?”

अनुराधानं एकदम मान वर केली. “नगो अण्णा. घरात आक्का आदीच तुमच्यासंगं बोलंनात.”

“बोलंल पुन्यांदा,” अण्णा म्हणाले. मग सौम्याकडं वळले. “हाय एकजण. हुबा ऱ्हाईल.”

“सासरची माणसं ऐनवेळी फिरतात, अण्णा. शेवटी रक्ताचं नातं.”

“त्यो न्हाई फिरणार.”

सौम्यानं कोरा कागद पुढं ओढला. अनुराधाचं नाव, वय, पत्ता लिहून घेतला.

“आता समोरच्याचं. नवऱ्याचं नाव?”

“वृषभ,” अनुराधा हळूच म्हणाली.

“त्याच्या वडिलांचं?”

अनुराधानं अण्णांकडं बघितलं. इतका वेळ तोंडाला खंड नसलेल्या अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“माझंच लिवा.”