मालनचा फोटो

हळदीचे व्यापारी शांतिनाथ मगदूम चौकात मोटारीतून उतरले ते खुशीतच. तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या प्रचाराचा सगळा भार त्यांनी उचलला होता. 'क्षयरोग बरा होतो, दवाखान्यात या,' असा भलामोठा फलक समोर झळकत होता. त्यावर उपचार घेऊन खडखडीत बऱ्या झालेल्या मालनचा हसरा चेहरा होता, आणि खाली मगदूमांचं नाव.

फलकाखालीच मालनचा भज्यांचा गाडा होता. तेल तापलं होतं, पण गिऱ्हाईक एकही नव्हतं.

"अण्णा, तेवढा फोटो उतरवा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आठ दिवस झाले, माझ्या हातचं कुणी खात नाही."

"अगं, फोटो काढताना तू हसत होतीस की!"

"दवाखान्याच्या कागदाला लागतो, असं तुमचा माणूस म्हणाला. तुम्ही विचारलं असतं, तर आजारी बायकांना मीच हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. पण मला विचारलं कुणी?"

मगदूमांना मान वर करवेना. त्यांनी शिडी मागवली, स्वतः चढून भर बाजारात फलक उतरवला. मग सगळ्यांच्या देखत गाड्यापुढच्या बाकावर बसून भजी मागितली.

मालननं गरम भजी कागदावर काढली, कागद बाकाच्या कडेला ठेवला आणि कुणी न सांगताच ती चार हात लांब जाऊन उभी राहिली. आठ दिवसांत लोकांपासून लांब राहणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.