मुद्दाम केलेली चूक

पडद्यावर लाल ओळ उमटली आणि संगणकाचा सगळा वर्ग खुशीत हसला. तगारेबाईंचा हा खेळ पोरांना आता पाठ झाला होता. नवशिकी मुलं कीबोर्डला हात लावायला बिचकतात, म्हणून प्रोग्रॅम लिहिताना बाई मुद्दाम एक चूक करायच्या आणि म्हणायच्या, "चुकलं की माझं! कोण शोधतंय? घाबरायचं नाही, चुकलं म्हणून काही जळत नाही."

आज मात्र बाईंनी मुद्दाम काही केलंच नव्हतं.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. सात ओळींचा प्रोग्रॅम, हजारदा लिहिलेला. वरून खाली वाचला, पुन्हा वाचला, पण काही केल्या चूक दिसेना. परवा सख्ख्या भाचीचं नाव आठवेना, तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

"बाई, मी सांगू?" शमीम उठली. जूनमध्ये हीच पोर माउस धरायचा म्हटलं की रडकुंडीला यायची. आता तरातरा पुढे आली आणि तिने नेमकं बोट ठेवलं. "कंस बंद करायचा राहिलाय. आज अगदीच सोप्पी चूक केलीत बाई!"

"शाब्बास," बाई म्हणाल्या. कंस टाकताना त्यांच्याकडून आधी भलतीच कळ दाबली गेली. ते बघून शमीमला थट्टेची लहर आली. बाईंचाच आवाज काढून ती म्हणाली, "घाबरायचं नाही बाई. चुकलं म्हणून काही जळत नाही!"

वर्ग पुन्हा हसला. बाईही हसल्या. बावीस वर्षं त्या हे वाक्य दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच ते त्यांना कुणी सांगितलं, आणि त्यांना ते पटेना.