मैनाबाईंची मावशी

मस्कतच्या मराठी मंडळासाठी वसुंधराने मैनाबाईंवर नाटक लिहिलं होतं. मैनाबाई म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीची गाजलेली नटी. मावशीने तिला सहाव्या वर्षीच रंगभूमीवर उभं केलं होतं. छोट्या मैनेचं काम वसुंधराची नऊ वर्षांची मुलगी उर्वी करत होती.

शुक्रवारी दुपारी मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोघींचीच तालीम चालली होती. उर्वीचं मराठी एरवी अडखळायचं. आज मात्र ती खणखणीत बोलत होती. फक्त एका वाक्याला अडली आणि तिने झटकन गालावर हात धरला.

"काय झालं गं?"

"विसरलं की मावशी मारते."

"नाटकातली मावशी तर किती प्रेमळ आहे!"

"ते तू लिहिलंस, आई," उर्वी कुजबुजली.

तिने हात काढला. गालावर चार बोटं लालभडक उमटली होती.

वसुंधराने वही मिटली. "बास, खलास! नाटकबिटक काही नको आपल्याला."

उर्वी रडकुंडीला आली. "हळू बोल ना! मावशीने सामान बांधलंय. आज पुढच्या गावी खेळ आहे म्हणते."

वसुंधराने तिचा हात घट्ट धरला आणि ती दाराकडे निघाली. उर्वी जागची हलेना.

तिचा दुसरा हात मागे ताणला गेला होता. मनगटावरची कातडी दबून पांढरी पडली होती, आणि उर्वीचे पाय फरशीवरून मागे घसरू लागले होते.